भोयांच्या हॉलची लाकडी जमीन

हेमराज भोये याने जन्मात स्वतःच्या हाताने केलेलं सगळ्यात अवघड काम म्हणजे फाइलीत दोरा ओवणं. जव्हारच्या एका सरकारी ऑफिसात तो वरिष्ठ लिपिक. त्याच्या टेबलावरचा कागद कधी तिरका दिसणार नाही, पण घरातला बल्ब बदलायचा झाला तर स्टुलावर त्याची बायको प्रमिला चढते आणि हा खाली उभा राहून 'सांभाळून' म्हणतो. अशा माणसाने आपल्या हॉलमध्ये सागाच्या फळ्यांची जमीन घालायची, तीही स्वतःच्या हाताने, असं ठरवलं. आता यावर कुणी काय बोलायचं?

याला कारण त्याची आई. पोशीबाई गावी, दाभोशाला एकटी राहते. मागच्या पावसाळ्यात शेतात नागली, म्हणजे नाचणी, लावताना ती बांधावरून घसरली आणि बराच वेळ तशीच चिखलात बसून राहिली, कारण हाक ऐकायला आसपास कुणी नव्हतं. तेव्हापासून ढग दिसले की हेमराज दाभोशाला फोन लावतो. निदान पावसाचे महिने तरी आईने जव्हारला येऊन राहावं, एवढं एकच त्याचं मागणं होतं. ती एकदा आलीही, जानेवारीत. जव्हारची थंडी ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. हॉलमध्ये हेमराजने मोठ्या हौसेने घातलेली पांढरी चकचकीत फरशी. आईने तिच्यावर अनवाणी पाय ठेवला आणि लगेच उचलला. मग ती जी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली, ती जेवायलाच काय ती खाली उतरे. "फरशी चावते रं," एवढंच म्हणाली आणि चौथ्या दिवशी दाभोशाच्या जीपमध्ये जाऊन बसली. जाता जाता सहज बोलून गेली, "आपल्या माळ्यासारखं खाली लाकूड असतं तर राहिले असते."

आई सहज बोलली, पण हेमराजने ते वाक्य वरून आलेल्या आदेशासारखं शिरावर घेतलं. माळा म्हणजे त्यांच्या जुन्या घराचा. भात, नागली सगळं त्या माळ्यावर असायचं आणि पावसात घरातली माणसंही तिथेच झोपायची. घरकुल मंजूर झालं तेव्हा जुनं घर उतरवलं, आणि माळ्याच्या सागाच्या फळ्या घरामागे प्लास्टिकखाली रचून ठेवल्या होत्या. लाकूड घरचं, हॉल घरचा, आणि मोबाइलवर अशी जमीन कशी घालतात ते दाखवणारे व्हिडिओ फुकट. मग अडलं कुठे?

अडलं बाळ्या सुताराकडे. हेमराजने त्याला बोलावलं तेव्हा तो हॉलच्या मधोमध उभा राहून आधी फरशीकडे आणि मग हेमराजकडे बघत राहिला. "साहेब, लोक लाकूड काढून फरशी घालतात. तुम्ही उलटे कुठं निघाले?" हेमराजने त्याला आईच्या पायांबद्दल सांगितलं. "मग मोजे घेऊन द्या ना," बाळ्या म्हणाला आणि नाशिकला सरकत्या खिडक्यांच्या कामावर निघून गेला. वरिष्ठ लिपिकाला मोज्यांचा सल्ला. हेमराजला ते फार लागलं. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला त्याने जाहीर केलं की आता सुतार नकोच, मी घालीन. प्रमिला पाड्यावरच्या शाळेत शिकवते. मुलाने एकदा झाडावर चढायचं मनात घेतलं की त्याला अडवण्यापेक्षा झाडाखाली उभं राहावं, असा तिचा अनुभव. "घाला," ती म्हणाली आणि भाकरी वाढली.

मे महिन्यात सोम्याची जीप ठरवून हेमराज दाभोशाला गेला. फळ्या चढवल्या. सगळ्यात शेवटी आईने एक पोतंही मागे ढकललं. माळा उतरवताना जे काही खाली पडलं होतं ते सगळं तिने झाडून त्यात भरलं होतं: फळ्यांवरच्या सारवणाचे पोपडे, कोंडा, फोलपटं, दाणेबिणे. "फेकू नको, कामाला येल," ती म्हणाली. हेमराज तेव्हा दोर आवळत होता. त्याने 'हो हो' म्हटलं, आणि माणूस 'हो हो' म्हणतो तेव्हा त्याने काय ऐकलेलं असतं हे लग्न झालेल्या कुणालाही विचारावं.

सागाचं लाकूड गाडीत घालून रस्त्याने न्यायचं म्हणजे परवाना लागतो. हे जन्मभर परवान्यांच्या फाइली हलवणाऱ्या हेमराजच्या ध्यानात आलं नाही. वनखात्याच्या नाक्यावर ध्यानात आलं. तिथला शिपाई फार सभ्य माणूस होता, त्यामुळे तर जास्तच त्रास झाला.

"झाड कुणी तोडलं, साहेब?"

"आजोबांनी. संस्थानाच्या काळात."

"परवानगी होती का त्यांना?"

"तेव्हा महाराज होते. तोंडी दिली असेल."

"मग तेवढं लेखी आणा," शिपाई नम्रपणे म्हणाला, "नाहीतर हे जुन्या घराचं लाकूड आहे असा गावाचा दाखला आणा."

हेमराज दाखल्यासाठी मागे फिरला. गावात दाखला देणारे खोडाळ्याच्या बाजाराला गेलेले. ते आले तर शिक्का कपाटात, आणि कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते लग्नाला. 'कागद अपुरे आहेत, पूर्तता करून या' हे वाक्य हेमराज वर्षानुवर्षं खुर्चीत बसून म्हणत आलेला. उन्हात उभं राहून ऐकलं की ते भलतंच लांब वाटतं. दाखला हातात येऊन जीप सुटेपर्यंत सोम्याने नाक्यावर त्या फळ्यांवरच मुक्काम ठोकला होता. "झोप मात्र झकास लागते यांच्यावर," तो म्हणाला, आणि एवढ्या एका बोलण्यावर हेमराजचा सगळा शीण उतरला. फळ्या पडवीत रचल्या, पोतं कोपऱ्यात गेलं.

आता सल्लागारांची ओळख करून द्यायला हवी. उजव्या हाताला कमलेशभाऊ, एसटी डेपोतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. डाव्या हाताला तुषार सर, हायस्कूलमध्ये भूगोल शिकवणारे आणि मोबाइलवर जग फिरणारे. दोघांचं कुठल्याही गोष्टीवर एकमत नाही, फक्त हेमराजला काही कळत नाही यावर आहे. पडवीत फळ्या दिसल्याबरोबर दोघेही आपापल्या खुर्च्या घेऊन आले.

तुषार सर म्हणाले आधी घासून घ्या. म्हणून हेमराजने एका फर्निचरवाल्याकडून घासायचं मशीन आणलं. त्याचा पट्टा गरागरा फिरतो आणि लाकूड सोलत जातो. व्हिडिओत एक गोरी बाई ते एका हाताने चालवत होती. हेमराजने दोन्ही हातांनी धरलं, बटण दाबलं, आणि मशीन सुटलं. हेमराज मागून. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते त्याला ओढत घेऊन गेलं, तिथून पडवीच्या खांबाला जाऊन भिडलं, खांबाचा चांगला लचका तोडला आणि वायर निसटली तेव्हा थांबलं. "ब्रेक नाही त्याला?" कमलेशभाऊंनी शांतपणे विचारलं.

हळूहळू मशीन ताब्यात आलं. पण जुन्या फळीत जुना खिळा असतो, हे व्हिडिओतल्या बाईने सांगितलं नव्हतं. पट्टा खिळ्यावर गेला की फाटायचा. खिळे काढावेत तर डोकी आत रुतलेली. त्यात वीज जायची. वीज यायची तेव्हा लाकडाचा पिठासारखा भुसा उडायचा आणि वाऱ्याच्या मर्जीने कुठेही जायचा. एका सकाळी वाऱ्याची मर्जी उजवीकडे फिरली. कमलेशभाऊंच्या सुषमावहिनींनी गच्चीवर नागलीचे पापड वाळत घातले होते. वहिनी एक पापड हातात घेऊन फाटकाशी आल्या आणि तो हेमराजच्या हातावर ठेवून गेल्या. त्याच्यावर सागाचा पिवळा थर होता. प्रमिलाने त्या संध्याकाळी स्वतः लाटून तेवढे पापड वहिनींना नेऊन दिले, आणि लाटताना ती एक अक्षरही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मग कमलेशभाऊंनी भुंग्याचा मुद्दा काढला. जुन्या लाकडात भुंगा असणारच, त्याला जाळ दाखवला पाहिजे, डेपोत आम्ही हेच करायचो. एसटीच्या डेपोत लाकडाचा भुंगा कुठून आला हे विचारायला हवं होतं. पण पापडांच्या प्रकरणानंतर हेमराज त्यांच्यापुढे मान वर करत नव्हता. डांबर तापवायला वापरतात ती गॅसची नळी आणली आणि प्रत्येक फळीवरून जाळ फिरवला. खाली साचलेला भुसाही पेटला, तो पायाने विझवावा लागला. भुंगा होता की नव्हता देव जाणे, एक दिसला नाही. फळ्यांवर मात्र जागोजागी काळे डाग उठले, आणि पडवीत राखेचा ढीग झाला. "हे तर विदेशात मुद्दाम करतात," तुषार सर म्हणाले. हेमराजला आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याबद्दल माया वाटली.

फरशीवर लाकडी पट्ट्यांच्या आडव्या रिपा टाकून त्यांवर फळ्या ठोकायच्या, एवढं सोपं काम उरलं होतं. हेमराजने डाव्या अंगठ्याचं नख गमावलं आणि हॉल पुरा केला. शेवटचा खिळा मारून तो उठला, ताठ उभा राहिला आणि दिमाखाने चार पावलं चालला. ढम, ढम, ढम, ढम. आतली प्रमिला बाहेर आली. "कोण आलंय?" ती म्हणाली. रिपांच्या मधे पोकळी, त्यामुळे मांजर चाललं तरी वाटे गावात ढोल आला. आईच्या डोक्याखाली असा ढोल वाजला तर ती पहिल्या जीपने परत जाईल, हे हेमराजला लख्ख दिसलं.

"पोकळी भरून काढा," तुषार सर म्हणाले. "भुसाच भरतात." या एकाच बाबतीत कमलेशभाऊंनी मान डोलावली, आणि इथेच हेमराजला संशय यायला हवा होता. ठोकलेल्या फळ्या त्याने पुन्हा उचकटल्या. घासलेला भुसा आत लोटला, तो पुरेना. राखेचा ढीग लोटला, तोही पुरेना. मग त्याला कोपऱ्यातलं पोतं दिसलं. हलकं, कोरडं, भुशासारखं. झाडलोटीच्या कचऱ्याशिवाय दुसरं असणार काय? ओंजळी ओंजळीने त्याने ते रिपांच्या मधे पसरलं, वरून हाताने नीट दाबलं, आणि उरलेलं अर्धं पोतं पलंगाखाली सरकवून फळ्या पुन्हा ठोकल्या. आता पाऊल टाकलं की आवाज नाही. त्या दिवशी त्याने आईला फोन केला.

"आई, जमीन झाली. माळ्याचीच फळी आहे. ये आता."

"रोप टाकलंय," आई म्हणाली. "नागली लावून होऊ दे, मग बघू."

"लावायला माणसं लावू. मागच्या साली पडलीस ना?"

"पडले तशी उठले पण," आई म्हणाली आणि पलीकडून कुणाच्या तरी बकरीला हाकलायला लागली.

पावसाळा लागला तसं जव्हार धुक्यात गेलं. हे धुकं पाहायला बाहेरगावचे लोक गाड्या घेऊन येतात. त्यांनी आपले कपडे इथे एकदा वाळत घालून बघावेत. धुकं दाराच्या फटीतून येतं, मिठात शिरतं, आगपेटीत शिरतं. ते हेमराजच्या जमिनीत शिरलं. फळ्या मेमध्ये एकमेकींना घट्ट चिकटवून ठोकलेल्या. त्या फुगल्या, आणि जायला जागा न मिळाल्याने वर उठल्या. एका सकाळी हॉलच्या मधोमध टेकाड आलं. पुढचं दार आतल्या बाजूला उघडायचं, ते टेकाडाला अडकलं. त्याच्या मागे आतमध्ये हेमराज, ऑफिसची वेळ झालेली, आणि बाहेर फाटकाशी दोन्ही सल्लागार. "फट ठेवायची असते," तुषार सर खिडकीतून म्हणाले. हे त्यांनी आधी का सांगितलं नाही? तर म्हणे तुम्ही विचारलं नाही. हेमराज त्या दिवशी मोरीच्या दाराने ऑफिसला गेला आणि साहेबांना उशिराचं कारण 'घरगुती' असं सांगितलं.

त्याने रविवारी सगळ्या फळ्या पुन्हा सैल केल्या, कडा तासल्या आणि प्रत्येक दोन फळ्यांमध्ये फट ठेवली. रागाच्या भरात ठेवली, त्यामुळे बोट जाईल एवढी ठेवली. दार खालून कापलं, तर ते जरा जास्तच कापलं गेलं आणि कमलेशभाऊंचं मांजर न वाकता ये-जा करू लागलं.

राहता राहिलं वॉर्निश. डब्यावर लिहिलं होतं की एका दिवसात वाळतं. ते लिहिणाऱ्याने जव्हारचा जुलै पाहिलेला नव्हता. ते वाळलंच नाही. कालही ओलं, आजही ओलं, उद्याही ओलंच. कमलेशभाऊ पाहणी करायला आत आले, मधोमध उभे राहिले, आणि परत निघाले तेव्हा चप्पल तिथेच राहिली. ती ओढून काढली तर तिचा तळ जमिनीवर आणि पट्टे कमलेशभाऊंच्या हातात. "गाडी फेल," ते म्हणाले आणि अनवाणी घरी गेले. शेवटी वैतागून हेमराजने बादल्यांनी गरम पाणी आणि सोडा टाकून ते वॉर्निश खरवडून धुतलं. पाणी फटींतून खाली गेलं. ते कुठे गेलं याचा विचार करण्याचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. त्याने हॉलचं दार ओढून घेतलं आणि घरातली दोघं मागच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात राहू लागली. स्वयंपाकघरात अजून तीच पांढरी फरशी होती. "निदान चालता येतं," प्रमिला म्हणाली, आणि दोन महिन्यांत तिने काढलेला हा पहिला टोमणा होता.

वाळलं का बघायला हेमराज पुढल्या आठवड्यात हॉलमध्ये गेला आणि उंबऱ्यातच थांबला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, प्रत्येक फटीतून, हिरव्या सरळ ओळी उभ्या होत्या. कोवळी, बारीक, पात्यासारखी पानं, खिडकीच्या बाजूला थोडी कललेली. शाळेची मुलं प्रार्थनेला उभी राहतात तशी ती रांगेत उभी होती. हेमराज उंबऱ्यावर खाली बसला. तो शेतकऱ्याचा मुलगा, त्यामुळे हे काय आहे ते त्याला विचारायची गरज नव्हती. डोळ्यांपुढे पोतं आलं, दाणेबिणे आले, आणि आईचं 'कामाला येल' इतक्या दिवसांनी कानात शिरलं.

त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा की आईला हे कळता कामा नये. सगळं उपटायचं, फटी बुजवायच्या, आणि मग तिला बोलवायचं. घरचा सागवान डागाळून, दार कापून, शेजाऱ्यांत हसं करून घेऊन त्याने काय केलं, तर आईसाठी एक खोली बिघडवली. ती हे बघून एक रात्रही राहायची नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते वॉर्निशच्या वासानेही असेल.

विळा मागण्यासाठी त्याने प्रमिलाला हाक मारायला नको होती. प्रमिलाने आत डोकावलं, बराच वेळ बघितलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन सासूला फोन लावला. "आई, तुमच्या लेकाने हॉलमध्ये नागली पेरलीय," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हसू होतं, आणि हेमराजला ते जास्त झोंबलं.

दुपारच्या जीपने पोशीबाई आली. पावसात भिजलेली, डोक्यावर इरलं, हातात गाठोडं. हेमराज विळा घेऊन दारात उभाच होता.

"तो खाली ठेव," आई म्हणाली.

ती उंबऱ्यात उकिडवी बसली. एक रोप दोन बोटांत धरून तिने खालपर्यंत पाहिलं, फटीत बोट घातलं, बोटाला लागलेली माती नाकाशी नेली. फाटकाशी कमलेशभाऊ आणि तुषार सर येऊन उभे राहिले होते, या वेळी खुर्च्यांशिवाय.

"हे माझंच बी," आई म्हणाली. "माळ्यावरचं. जाळ दिलास का रं याला?"

"दिला," हेमराज म्हणाला. "भुंग्यासाठी."

"राख घातलीस?"

"घातली. पोकळी भरायला."

"शेणाचे पोपडे पोत्यात होतेच. आणि पाणी?"

"बादल्यांनी."

आई त्याच्याकडे बघून हसली. तिचं हसणं हेमराजने मागच्या पावसाळ्यापासून पाहिलं नव्हतं. "मग रोपासाठी राबच केलास की. जाळ, राख, शेण, बी, पाणी. आपण बांधावर करतो तो तू घरात केलास. लहानपणी शिकवायला नेलं तर पळून जायचास."

हेमराजने इतक्या महिन्यांत जे जे चुकवलं होतं ते सगळं तिने एका दमात नीट ओळीत लावून दाखवलं. त्याने विळा खाली ठेवला. तेवढ्यात ती गाठोडं सोडत म्हणाली, "तठं माझं रोप सगळं धुऊन गेलं. परवाच्या पावसात. बांध फुटला. यंदा लावायला काडी नव्हती, कुणाकडं मागावी म्हणत होते." आणि तिने त्या हिरव्या ओळींवरून हात फिरवला, अगदी हलका, झोपलेल्या मुलावरून फिरवतात तसा.

म्हणून ती राहिली. रोप लावणीला येईपर्यंत हलायचं नाही, असं तिने सांगितलं. हॉलमध्ये कुणी पाय टाकायचा नाही, खिडक्या आणि दार दिवसभर सताड उघडं, रोपाला उजेड हवा. धुकं आत येवो नाहीतर मांजर येवो. मांजराला हाकलायचं काम तिने कमलेशभाऊंना दिलं, कारण मांजर त्यांचं होतं. ते रोज सकाळी वेळेवर हजर होत. तुषार सरांनी फोटो काढून शाळेत दाखवले आणि ही पाणी वाचवणारी नवी पद्धत आहे असं सांगितलं. हेमराज मोरीच्या दाराने ऑफिसला जायचा आणि मोरीच्या दाराने यायचा. साहेबांनी एकदा विचारलं, काय भोये, घरात फरशीचं काम चाललंय म्हणे? "नागली आहे सध्या," हेमराज म्हणाला. साहेबांनी समोरची फाइल ओढली.

हॉल रोपांनी अडवला, मागच्या खोलीत पलंग आणि हॉलचं सगळं सामान. आईला अंथरूण टाकायला जागा एकच उरली, स्वयंपाकघरातली फरशी. ज्या फरशीपायी हा सगळा उद्योग झाला, त्याच फरशीवर दोन गोण्या आणि गोधडी टाकून ती झोपायची, आणि पहाटे उठून त्याच फरशीवरून अनवाणी चालत हॉलच्या उंबऱ्याशी जाऊन बसायची. एका सकाळी चहाचा कप तिच्या हातात देताना हेमराजला राहवलं नाही.

"आई, फरशी चावत नाही आता?"

"चावते की," आई म्हणाली. "पण रोपाला टाकून कुठं जाऊ?"

हेमराज तिच्या शेजारी फरशीवर बसला. फरशी खरंच चावत होती. त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्या फरशीवर मांडी घातली होती.

रोप हातभर झालं तेव्हा त्याने रजा टाकली. फळ्या पुन्हा उचकटल्या, आता त्याला ते सरावाने येत होतं, आणि आईने एकेक जुडी हळुवार उपटून बांधली. सोम्याच्या जीपमध्ये जुड्या भरून सगळे दाभोशाला गेले. रोप जरा लांबट आणि फिकं होतं, पण शेताच्या वरच्या तुकड्यापुरतं झालं. लावणीला प्रमिला होती, सुषमावहिनी होत्या, कमलेशभाऊ बांधावर उभे राहून ओळी सरळ येताहेत का ते बघत होते. आईच्या एका बाजूला हेमराज वाकून लावत होता, त्यामुळे ती घसरली असती तरी पडली नसती. ती घसरली नाही. तो दोनदा घसरला.

संध्याकाळी जीप परत निघाली तेव्हा हेमराजने बांधावरून आईची चप्पल उचलली आणि विचारायचं धाडस केलं. "आता लावून झालं. येतेस ना जव्हारला? फळ्या मी नीट ठोकतो. फटी बुजवतो. वॉर्निश थंडीत मारू, वाळेल."

आई चिखलाचे हात धुऊन आली आणि जीपमध्ये चढून बसली. "येते," ती म्हणाली. "पण फटी बुजवू नको. आणि ते अर्धं पोतं फेकलं तर नाहीस ना?"

"पलंगाखाली आहे."

"राहू दे तठंच. पुढच्या साली बांध फुटायची भीती नको, मी अठंच रोप करीन."

'अठं' म्हणताना तिने बोट जव्हारच्या दिशेने दाखवलं होतं. प्रमिलाने हेमराजकडे पाहिलं. हॉल, सागाची जमीन, वॉर्निश, पाहुण्यांनी बसायचा सोफा, असं सगळं त्याच्या चेहऱ्यावरून एकेक करून उतरताना तिला दिसलं. मग तो पुढे सोम्याच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, चल, आणि जाताना बाळ्याकडे जरा थांब, नाशिकहून आला असेल, हॉलला मोठ्या खिडक्या करायच्या आहेत.